बदक-कोंबडीचं खारवलेलं मांस: वर कडक, आत मऊ, बरणीत खवट वास. किती दिवस टिकायला हवं?

पातळसुरी (प्रश्न)

कोरडं मीठ लावून वाळवलेल्या पक्ष्याच्या मांसाबद्दल विचारायचं आहे. आकडे आधी देते.

बदकाच्या कातडीसकट दोन छात्या, प्रत्येकी साधारण 420 ग्रॅम. कोंबडीची बिनकातडीची, बिनहाडाची छाती 500 ग्रॅम. शिवाय हाडासकट एक तंगडी. सगळ्यांना वजनाच्या 3 टक्के मीठ आणि 0.25 टक्के क्युरिंग सॉल्ट नंबर 1 (मांस खारवायचं, थोडं सोडियम नायट्राइट मिसळलेलं मीठ). पिशवीत बंद करून 3 अंशांवर 7 दिवस, रोज उलटून. मग पुसून फ्रीजमध्येच जाळीवर उघडं ठेवलं, 4 अंश, शेजारी छोटा पंखा. 18 दिवसांनी सगळ्यांत मिळून वजनातली घट 31 टक्के भरली. बदकाची एक छाती फ्रीजमध्ये तशीच आहे. बाकी सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बाहेर, 27-28 अंशांना 10 दिवस होतं.

आता बदकाची कड पिवळट झाली आहे आणि तिला जुन्या तेलासारखा वास येतो. कापल्यावर बाहेर सालीसारखा कडक थर, आत मऊ आणि जांभळट. कोंबडीवर पांढरे ठिपके आहेत, कापल्या बाजूवर हिरवी-निळी झाक दिसते. तंगडीत हाडाजवळ करडा पट्टा आहे.

30 टक्के घट झाली की मांस तयार, असं सगळीकडे वाचलं होतं. मग हे टिकलं का नाही? आणि यातलं काय वाचवता येईल?

मिठागर

बरणीतलं सगळं टाकून द्या, बदकही आणि कोंबडीही. चाखून बघू नका. शिजवून खाऊ असा विचारही नको. 28 अंशांना अशा मांसावर स्टॅफिलोकॉकस वाढला असेल तर त्याचं विष उकळूनही जात नाही. जंतू मरतात, विष राहतं. झाकण घट्ट असल्यामुळे आतला प्राणवायूही कमी झालेला असतो, आणि ते बोट्युलिनमच्या (हवेविना वाढून जीवघेणं विष करणाऱ्या जंतूच्या) पथ्यावर पडतं.

आता 30 टक्क्यांबद्दल. तो आकडा चवीचा आणि पोताचा आहे. तेवढ्या घटीला तुकडा पातळ कापता येतो, दाताखाली बरा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर ठेवायचा परवाना तो देत नाही. टिकाऊपणा ठरतो आत उरलेल्या पाण्यात मीठ किती आहे यावर, आणि ते कागदावर काढता येतं.

तुमची कोंबडी घ्या. 500 ग्रॅम छातीत पाणी सुमारे 75 टक्के, म्हणजे 375 ग्रॅम. मीठ 15 ग्रॅम. 31 टक्के घट म्हणजे 155 ग्रॅम पाणी गेलं, 220 उरलं. 15 ग्रॅम मीठ 220 ग्रॅम पाण्यात, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आतलं खारं पाणी. त्याची वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप, शुद्ध पाण्याचं 1) 0.96 च्या आसपास येते. प्रथिनं आणखी थोडं पाणी धरून ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात ती थोडी खाली असेल, पण थोडीच.

याच्या शेजारी जंतूंच्या मर्यादा ठेवा. साल्मोनेला साधारण 0.94 च्या खाली वाढत नाही. बोट्युलिनमचा गरम हवेत वाढणारा गट 0.94 ला किंवा 10 टक्के खाऱ्या पाण्याला थांबतो, थंडीत वाढणारा गट 0.97 ला किंवा 5 टक्क्यांना. लिस्टेरिया 0.92 पर्यंत तग धरून वाढतो. स्टॅफिलोकॉकस सगळ्यांत चिवट, हवा असेल तर 0.85 च्याही किंचित खाली जातो. बाहेर ठेवायच्या मांसासाठी 0.85 ची रेषा धरतात ती त्याच्यामुळे. तुमची कोंबडी त्या रेषेपासून फार लांब होती. फ्रीजमध्ये राहिली असती तर चाललं असतं, कारण साल्मोनेला आणि स्टॅफिलोकॉकस दोघांनाही वाढायला साधारण 7 अंश लागतात.

बदकाचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कातडी आणि चरबी मिळून छातीचा तिसरा हिस्सा सहज असतो, आणि चरबीत पाणी फार कमी. म्हणजे 420 ग्रॅमच्या तुकड्यात पाणी 250 ग्रॅमच्या आसपासच धरायचं. त्यातून 130 गेलं, 120 उरलं. मीठ 12.6 ग्रॅम. हे झालं साडेनऊ टक्के खारं पाणी. म्हणजे घटीचा टक्का तोच असला तरी बदकाचं लाल मांस कोंबडीपेक्षा बरंच जास्त सुकलेलं असतं, आणि मीठही सगळं त्यातच उतरतं. पण तेही 0.94 च्या आसपास. तेव्हा तेही फ्रीजचंच.

हाडाच्या तुकड्यांत उलटा घोळ होतो. हाड सुकत नाही, पण वजनात मोजलं जातं, त्यामुळे मिठाचा हिशेबही चुकतो आणि घटीचाही. तंगडीचं हाड काढून मग वजन करा.

तवंग

मिठागर यांनी सुरक्षिततेचं सांगितलं. खवट वासाचं कारण निराळं आहे, आणि तो वास फ्रीजमध्येही आला असता, फक्त उशिरा.

पक्ष्याची चरबी मऊ असते, कारण तिच्यात असंतृप्त आम्लं जास्त. कोंबडीच्या चरबीत लिनोलेइक आम्ल (त्यांतलंच एक) साधारण पाचवा हिस्सा असतं, डुकराच्या चरबीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, गुरांच्या चरबीत जेमतेम 3-4 टक्के. नेमक्या पक्ष्याच्या खाद्यानुसार हे आकडे हलतात. हे आम्ल हवेतल्या प्राणवायूशी पटकन जुळतं. त्यात बदकाची छाती म्हणजे लाल स्नायू, लोह भरपूर, आणि लोह ही क्रिया ढकलतं. मीठही ढकलतं. मिठाने मांस टिकतं ते जंतूंपासून. चरबीला मात्र मीठ लवकर म्हातारं करतं. म्हणून डुकराच्या मांडीला वर्षभर टांगायची जी रीत आहे ती जशीच्या तशी बदकाला लावता येत नाही.

यावर उपाय म्हणजे हवा, उजेड आणि उष्णता, तिन्ही कमी करणं. बरणीत निम्मी जागा रिकामी असेल तर निम्मी बरणी हवा आहे. साध्या पॉलिथिनच्या झिपवाल्या पिशवीतून प्राणवायू हळूहळू आत येतच राहतो. व्हॅक्यूमसाठी नायलॉनचा थर असलेली जाड पिशवी वापरा. प्राणवायू शोषणारी पुडी टाकणार असाल तर लक्षात ठेवा, 100 घनसेंटिमीटरची पुडी म्हणजे साधारण अर्धा लिटर हवेतला प्राणवायू, कारण हवेत तो पाचवा हिस्साच असतो. आणि पुडी घातलेलं पाकीट फ्रीजबाहेर ठेवायचं नाही. प्राणवायू काढून बोट्युलिनमला मोकळं रान देण्यासारखं होईल ते.

काचेच्या बरणीतून येणारा उजेड रंगही घालवतो. नायट्राइटने आलेला गुलाबी-लाल रंग उजेड आणि प्राणवायू एकत्र आले की काही तासांत करडा पडायला लागतो. बिघाड नाही तो, पण मांस जुनाट दिसतं.

खवटपणा पारखायची सोपी रीत: चरबीचा पातळ काप तळहातावर मिनिटभर धरून ठेवा, मग हुंगा. थंड चरबी वास लपवते. जुनं तेल किंवा ऑइलपेंट यांची आठवण झाली की निकाल लागला. फक्त बाहेरचे 2 मिलिमीटर पिवळे असतील तर तेवढं तासून पुन्हा हुंगा, आतलं बहुतेक वेळा चांगलं निघतं. हे अर्थात फ्रीजमध्ये राहिलेल्या तुकड्यासाठी.

चिमूटभर

ठिपके आणि झाक यावर थोडक्यात.

ठिपक्यावर कोमट पाण्याचा थेंब सोडा. विरघळला तर मीठ. बोटाने पुसला गेला, भिंगाखाली लव दिसली, तर बुरशी. विरघळला नाही, पुसलाही गेला नाही आणि दाताखाली कचकचतो तो टायरोसिन. प्रथिनं तुटून सुटलेल्या आम्लाचे ते खडे असतात आणि निरुपद्रवी असतात. पण ते जुन्या मालात, बहुतेक कापल्यावर आत दिसतात. पाच आठवड्यांच्या मालावर, बाहेरच्या अंगाला, पंख्याखाली वाळवल्यावर दिसले तर बहुतेक मीठच वर आलं असणार.

हिरवी-निळी झाक: तुकडा उजेडात तिरपा करा. साबणाच्या फुग्यासारखी झाक हलत असेल, एका कोनातून नाहीशी होत असेल, तर तो धाग्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. धाग्यांना आडवं कापलं की जास्त दिसतो. झाक कोणत्याही कोनातून तशीच, मंद हिरवट-करडी राहत असेल आणि पृष्ठभाग बुळबुळीत असेल, तर तो बिघाड.

हाडाजवळचा करडा पट्टा म्हणजे तिथवर नायट्राइट पोचलंच नाही. सांध्यापाशी वास घ्या. मांस कुजतं ते सांध्यातून, आतून बाहेर, आणि वरून काही कळत नाही. पातळ लाकडी काडी हाडालगत खुपसून बाहेर काढायची आणि लगेच हुंगायची, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली. आंबूस किंवा गटारी वास आला की तंगडी गेली.

पातळसुरी

बरणी रिकामी केली. तंगडीचा वास आंबूसच होता.

फ्रीजमध्ये राहिलेल्या छातीचं काय करू? तीही बाहेर कडक, आत मऊ आहे, पण वास स्वच्छ आहे. आणि पुढच्या वेळी साल कडक होऊ नये म्हणून काय बदलू? तसंच, नायट्राइट खरंच लागतं का? काही जण नुसत्या मिठावर करतात.

मिठागर

ती छाती वाचेल. व्हॅक्यूम करून 2 ते 4 अंशांवर दोन ते तीन आठवडे ठेवा. बाहेरच्या थरातून पाणी उडायला वाट नसली की आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या थरात शिरतं आणि साल नरमते. नंतर काढून वजन करा. घट आणखी हवी असेल तर पुन्हा उघडं ठेवा, पण या खेपेला पंखा नको. व्हॅक्यूममधून काढल्यावर पहिल्या मिनिटाला थोडा कोंदट, आंबूस वास येतो. अर्धा तास मोकळं ठेवल्यावर तो गेला पाहिजे. राहिला, किंवा पिशवीत गढूळ चिकट पाणी साठलं, पिशवी फुगली, तर टाका.

साल कडक होते कारण बाहेरून पाणी उडायचा वेग आतून पाणी वर यायच्या वेगापेक्षा जास्त असतो. कडक झालेला थर मग झाकणासारखा बसतो. घट थांबते, आणि माणसाला वाटतं की सुकलं. फ्रीजमधली हवा आधीच कोरडी, त्यात तुम्ही पंखा लावलात. बदकाला तर एकाच बाजूने सुकायची वाट असते, कातडीकडून जवळजवळ काहीच जात नाही, त्यामुळे मांसाची उघडी बाजू दुप्पट मार खाते.

स्वतंत्र कपाट असेल तर 12-13 अंश, पहिले चार-पाच दिवस आर्द्रता 80-85 टक्के, मग 72-75 वर आणा. हवा हललीच पाहिजे, पण इतकी सावकाश की टांगलेला कागदाचा पट्टा जेमतेम डुलावा. कपाटातला आर्द्रतामापक आधी तपासून घ्या: झाकणाच्या डब्यात ओलं केलेलं मीठ (ओलसर वाळूसारखं, पातळ नाही) आणि मापक एकत्र बंद करून रात्रभर ठेवा, 75 दाखवायला हवं. 70 दाखवला तर तुमचे सगळे आकडे 5 ने चुकताहेत.

कपाट नसेल तर फ्रीजच, पण तुकडा दोन पदरी मलमलीत गुंडाळा आणि कापड पहिला आठवडा किंचित दमट असू द्या. रोज त्याच वेळी वजन करा. छातीएवढ्या तुकड्याने पहिल्या तीन दिवसांतच 12-15 टक्के वजन टाकलं तर वेग जास्त आहे, झाका.

मिठाबद्दल एक दुरुस्ती. 7 दिवस पुरेसे आहेत, पण 2.5 सेंटिमीटर जाडीपर्यंतच. त्याहून जाड असेल तर 10 दिवस द्या. तोलून घातलेल्या मिठात जास्त दिवस राहिल्याने खारट होण्याची भीती नसते, पिशवीत आहे तेवढंच मीठ आत जाणार. पिशवीत सुटलेलं पाणी फेकू नका, मिठाचा हिस्सा त्यात असतो.

चिमूटभर

नायट्राइटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अखंड, न टोचलेल्या छातीचा आतला भाग जवळजवळ निर्जंतुक असतो, जंतू बाहेरून लागतात. असा तुकडा शेवटपर्यंत 4 अंशांखाली राहणार असेल तर नुसत्या मिठावर निभतं, फक्त रंग तपकिरी येतो. हाड काढून गुंडाळलेली तंगडी, दोन छात्या जोडून बांधलेला गोळा, सुईने टोचलेलं मांस, यांत बाहेरचा पृष्ठभाग आत जातो. तिथे नायट्राइटशिवाय करू नये.

तवंग

अखंड छातीलाही मी घालीनच. एक तर नायट्राइट चरबीचा खवटपणा लांबवतं, आणि पक्ष्याच्या मांसात तीच दुखरी बाजू आहे. दुसरं, 4 अंशांचं वचन फ्रीजचं दार पाळत नाही. 12-13 अंशांच्या कपाटात वाळवणार असाल तर वादच नको, घाला. प्रमाण: नंबर 1 मध्ये 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं, किलोला 2.5 ग्रॅम घातलं की 156 मिलिग्रॅम पडतं. तेवढंच. 420 ग्रॅमच्या छातीला हे 1.05 ग्रॅम होतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजायची गोष्ट नाही. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. आणि रंग गुलाबी म्हणून सैंधव घालून मोकळे होणारेही भेटतात. सैंधवात नायट्राइट नसतं.

मिठागर

एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे. साल्मोनेला 0.94 च्या खाली वाढत नाही, पण मरतही नाही, सुकलेल्या मांसात आठवडेच्या आठवडे जिवंत बसतो. पक्ष्याच्या कच्च्या मांसात तो असण्याची शक्यता धरूनच चालायचं. म्हणून कोंबडी आणि टर्की वाळवून कच्ची कापून खायची नाही, आतपर्यंत 74 अंश गेली पाहिजे. बदकाची छाती पुष्कळ ठिकाणी कच्चीच पातळ कापून खातात, पण धोका तिथेही शून्य नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी किंवा आजारी माणसं ताटावर असतील तर तीही शिजवा.

शिजवताना ओलावा हवा. सुकलेल्या अवस्थेत जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत, कोरड्या तव्यावर परतलेला काप बाहेरून करपतो आणि आतले तगून राहतात. तुकडा थंड पाण्यात, फ्रीजमध्येच, 2-4 तास भिजवा, एकदा पाणी बदला, मग वाफवा किंवा मंद उकळा. खारटपणाही उतरतो.

बाहेर टिकेल असाच माल हवा असेल तर गणित पुन्हा करून बघा. 0.85 च्या खाली जायला उरलेलं पाणी सुमारे 20 टक्के खारं हवं. 500 ग्रॅम कोंबडीत 15 ग्रॅम मीठ असेल तर पाणी 60 ग्रॅमवर आणावं लागेल, म्हणजे 63 टक्के घट. लाकूड होईल. मीठ दुप्पट, 30 ग्रॅम घातलं तर 120 ग्रॅम पाणी चालेल, घट 51 टक्के, पण मग ते भिजवल्याशिवाय तोंडात धरवणार नाही. पातळ पट्ट्यांत हे जमतं, अखंड छातीत करायच्या भानगडीत पडू नये.

पातळसुरी

समजलं. मग फ्रीजमध्ये किती दिवस धरू, आणि फ्रीझरमध्ये टाकलं तर?

तवंग

अखंड तुकडा, व्हॅक्यूम, 0 ते 4 अंश, अंधारात: बदक दोन महिने चवीला उत्तम, तिसऱ्या महिन्यात चरबी बोलायला लागते. कोंबडीची छाती सहा ते आठ आठवडे, तंगडीचं मांस त्याहून कमी, त्यात चरबीही जास्त आणि लोहही. पिशवी उघडली की कापलेल्या तोंडाला कागद घट्ट चिकटवून आठवडाभरात संपवा. काप करून ठेवलेले असतील तर तीन-चार दिवस, कारण हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढलेला असतो. एकदम सगळं कापून ठेवू नका.

फ्रीझरला लोक अमर कोठार समजतात. खारवलेलं मांस उणे 18 अंशांनाही पूर्ण गोठत नाही, खारं पाणी थोडं द्रव राहतं, आणि मिठामुळे चरबी तिथेही खवटते. बिनमिठाच्या मांसापेक्षा लवकर. दोन, फार तर तीन महिने. आधी व्हॅक्यूम, मग फ्रीझर. बाहेर काढताना पिशवी न फोडता रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, नाहीतर थंड तुकड्यावर हवेतलं दव धरतं आणि त्या ओल्या पृष्ठभागावर दोन दिवसांत चिकटा येतो. पिशवीवर तारीख लिहाल तेव्हा शेजारी वजनही लिहा. महिन्याने वजन कमी भरलं तर पिशवीला कुठेतरी भोक आहे.